मांडव भरला की रिलेवरचे पॅकेट गळतात (लोरा, ८६५ मेगाहर्ट्झ, दिंडोरी)

कादवाकाठ:
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुका, कादवेच्या काठची द्राक्षबाग, मांडव पद्धत. मातीचा ओलावा मोजून लोराने (कमी विजेत लांब जाणारा रेडिओ) पाठवणारे १४ नोड आणि नदीवरच्या मोटारीचा एक कंट्रोलर आहे. मांडणी अशी:

गेटवे (सगळे निरोप गोळा करणारा) वस्तीवर, गच्चीवरच्या पाइपवर ९ मीटर उंचीला, एकाच चॅनेलचा. रिले (निरोप ऐकून पुढे पाठवणारा) मधल्या बांधावर, ६ मीटर पाइप, ५ डीबीआयचा फायबरग्लास अँटेना. रिले ते वस्ती १.२ किमी, रिले ते मोटार १.४ किमी. सगळ्यात लांबचा नोड रिलेपासून ९०० मीटरवर. नोडचे अँटेना जमिनीपासून १ मीटरवर, २ डीबीआय, पॉवर १४ डीबीएम. एसएफ९ (स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा मोठा तितका वेग कमी, पल्ला जास्त), १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग (चुका पकडायला जोडलेले जादा बिट) ४/५, चॅनेल ८६५.०६२५. दर १० मिनिटांनी २० बाइटचा निरोप. पोच आली नाही तर २०० मिलीसेकंदाच्या अंतराने तीनदा पुन्हा पाठवतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर शंभरातले दोनेक पॅकेट जायचे. डिसेंबरमध्ये तेच १८ वर गेले, आणि पहाटे जास्त. गंमत म्हणजे रिलेच्या लॉगमध्ये लांबच्या नोडची सरासरी आरएसएसआय (सिग्नलची ताकद) −११४ आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) +२ दिसते. एसएफ९ ला −१२.५ पर्यंत चालतं, म्हणजे साडेचौदा डीबी हातात आहेत. मग गळती कुठून? एसएफ१२ करू, की रिलेला १ वॅटचा अँप्लिफायर लावू?

सातपूर_आरएफ:
दोन्ही नको. आधी ती सरासरी बाजूला ठेवा, कारण ती फक्त पोचलेल्या पॅकेटची आहे. जे बुडाले त्यांचा एसएनआर लॉगमध्ये येतच नाही. पास झालेल्या पोरांचीच सरासरी काढून शाळेचा निकाल लावल्यासारखं झालं. लिंक जितकी खराब, तितकी ही सरासरी जास्त फसवते.

आता भूमिती बघा. मांडवाची छत साधारण २.२ मीटरवर धरू. नोडचा अँटेना १ मीटरवर, रिले ६ मीटरवर, अंतर ९००. म्हणजे किरण ९०० मीटरमध्ये ५ मीटर चढतो. छतीबाहेर पडायला त्याला १.२ मीटर चढावं लागतं, आणि त्यासाठी सुमारे २१६ मीटर पानांतून जावं लागतं. वाइसबर्गरच्या सूत्राने (झाडीतला तोटा = १.३३ × गिगाहर्ट्झचा ०.२८४ वा घात × मीटरचा ०.५८८ वा घात) ८६६ मेगाहर्ट्झला २१६ मीटर पानांचा तोटा जवळजवळ ३० डीबी येतो. सूत्र जंगलातल्या झाडांवरून बसवलेलं आहे, द्राक्षाला तंतोतंत लागू नाही. छतीच्या वरच्या कडेने थोडी लहर निसटतेही, त्यामुळे प्रत्यक्षात तोटा कमी भरेल. पण छाटणीनंतर काड्याच उरतात तेव्हा हा तोटा नसतो आणि कॅनोपी (पानांची छत) भरली की येतो. तुमच्या ऑक्टोबर-डिसेंबरच्या फरकाचं मूळ हेच.

बाकीचा हिशेबही जुळतो. जमिनीवरून परावर्तन धरून ९०० मीटरचा तोटा सुमारे १०३ डीबी, अधिक पानांचे ३०. पाठवणारा १४ + २ + ५, वजा केबल-कनेक्टरचे ३. रिलेवर सुमारे −११५ पडतात. तुम्ही −११४ लिहिलंय.

तेव्हा पहिलं काम म्हणजे नोडचा अँटेना छतीच्या वर काढणं. नोड खालीच राहू द्या. तीन मीटरचा जीआय पाइप, ओळीच्या टोकाच्या अँगलला क्लॅम्प करून, अँटेना तारांच्या वर ६० ते ८० सेंमी. ओळीच्या मधोमध नको, फवारणीच्या ब्लोअरचा धक्का लागतो. अँटेना पाइपच्या टोकावरच बसवा. बाजूला बसवायचा झाला तर लोखंडापासून निदान एक तरंगलांबी, म्हणजे ३५ सेंमी, दूर ठेवा, नाहीतर तो डीट्यून होतो, म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. अँटेना उभाच हवा. मांडवाच्या तारा आडव्या आहेत, आडव्या ध्रुवीकरणाची लहर त्या जास्त अडवतात.

एवढ्या जास्तीच्या लांबीसाठी आरजी-१७४ वापरू नका, ९०० मेगाहर्ट्झला मीटरला जवळजवळ एक डीबी खाते. आरजी-५८ निम्मी खाते, दोन-तीन मीटरला चालेल. रिलेवर मात्र एलएमआर-४०० घ्या, दहा मीटरला १.३ डीबी. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप आणि केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून ठिबकतं. बोर्डोच्या फवारणीतला मोरचुदाचा अंश जस्त आणि ॲल्युमिनियम खातो, म्हणून टेप घट्टच हवी.

कादवाकाठ:
हे पटलं, पाइप लावता येतील. पण पहाटेचं काय? पहाटे पानं तीच असतात. आणि तीन रिट्राय असून १८ टक्के कसे बुडतात?

सातपूर_आरएफ:
कारण तुमचे तीनही रिट्राय एकाच खड्ड्यात पडतायत.

लहर नोडपासून रिलेपर्यंत एका वाटेने येत नाही. पानं, तारा, खांब, जमीन यांवरून फुटून येते आणि या तुकड्यांची बेरीज कधी जमते, कधी एकमेकांना खाते. तोच हा खड्डा, म्हणजे फेडिंग. सरळ वाट दिसत नसेल तर हा प्रकार रेले (Rayleigh, आपला रिले नव्हे) या संख्याशास्त्रीय वितरणासारखा वागतो, आणि त्याचा हिशेब निष्ठुर आहे. सरासरी सिग्नल मर्यादेच्या १० डीबी वर असेल तर साडेनऊ टक्के वेळा सिग्नल मर्यादेखाली जातो. २० डीबीला एक टक्का, ३० डीबीला एक दशांश टक्का. म्हणजे गळती दहापट कमी करायला दर वेळी दहापट पॉवर. एसएफ१२ केल्याने मिळतात साडेसात डीबी. किंमत म्हणजे २० बाइटचा निरोप १८५ मिलीसेकंदांवरून १.३२ सेकंदांवर जातो, सातपट. रिलेची बॅटरीही त्याच हिशेबाने खाली.

आता रिट्राय. वारा असेल तर पानं हलतात आणि खड्डा सरकतो. पानं अर्धा मीटर प्रतिसेकंद हलत असतील तर डॉप्लर (हालचालीने फ्रिक्वेन्सी सरकते तो फरक) दीड हर्ट्झच्या आसपास, चॅनेल (इथे फ्रिक्वेन्सी नव्हे, लहरीची वाट) बदलायला साधारण ०.३ सेकंद. तुमचं अंतर २०० मिलीसेकंद, म्हणजे पुढचा प्रयत्न बऱ्यापैकी जुन्याच चॅनेलवर. पहाटे तर वारा पडलेला, पानांवर दव. चॅनेल कित्येक मिनिटं हलत नाही. खड्ड्यात अडकलेला नोड तिथेच राहतो, तुम्ही तीन वेळा पाठवा की तीस वेळा.

म्हणून रिट्राय १ सेकंद, ८ सेकंद, ४० सेकंद असे पसरा, वर थोडा यादृच्छिक उशीर टाका. एखादा नोड रोज पहाटेच जात असेल तर त्याचा अँटेना १५-२० सेंमी सरकवून बघा, तेवढ्यात अर्धी तरंगलांबी होते. कॅनोपी वाढली की खड्डे जागा बदलतात, त्यामुळे हा उपाय कायमचा नव्हे.

कोडिंगबद्दल एक. लोरामध्ये ४/५ आणि ४/६ फक्त चूक ओळखतात, दुरुस्ती ४/७ पासून पुढे. वाऱ्याच्या वेळी ४/७ वापरून पाहायला हरकत नाही. पहाटेच्या खड्ड्याला त्याचा उपयोग नाही.

अंबड_बेंच:
मी म्हणेन चॅनेल बदला. पहिला प्रयत्न ८६५.०६२५, दुसरा ८६५.४०२५, तिसरा ८६५.९८५. फ्रिक्वेन्सी बदलली की खड्डा बदलतो. फुकटचं काम आहे.

सातपूर_आरएफ:
पुस्तकात बरोबर, शेतात नाही. फ्रिक्वेन्सी किती बदलल्यावर फेडिंग स्वतंत्र होतं हे प्रतिध्वनी किती पसरलेत यावर ठरतं. मोकळ्या शेतात, एक किलोमीटरच्या आत, हा पसारा ५० नॅनोसेकंद धरला तर कोहेरन्स बँडविड्थ (जेवढ्या पट्ट्यात फेडिंग सारखंच असतं ती) ४ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. तुमची पहिली आणि तिसरी फ्रिक्वेन्सी एक मेगाहर्ट्झसुद्धा दूर नाही. तिन्ही चॅनेल एकत्रच बुडतील. नाशिक शहरात, पंचवटी-सीबीएस भागात इमारतींच्या मध्ये पसारा मोठा असतो, तिथे तुमचं म्हणणं चालेल. बागेत चॅनेल बदलायचा तो टक्कर टाळायला.

मग उरते जागा. वेगळ्या ठिकाणचा दुसरा रिले. खरा फायदा तिथे आहे.

रिले_गणित:
इथून पुढे मी लिहितो, कारण नुसता दुसरा रिले लावून भागत नाही, तो कसा वागतो यावर सगळं आहे.

प्रत्येक टप्पा ०.९ धरा. एका रिलेमार्गे दोन टप्पे, ०.८१. एकामागे एक टप्पे वाढवले की भरवसा गुणाकाराने घसरतो, म्हणून रिलेंची साखळी करू नका. दोन रिले समांतर लावले आणि त्यांचं फेडिंग स्वतंत्र असेल, तर दोन्ही वाटा एकदम बुडण्याची शक्यता ०.१९ चा वर्ग, म्हणजे पोचणं ०.९६. आणि गेटवेला नोडचा थेट आवाज निम्म्या वेळा जरी ऐकू आला तरी ०.९८. हा थेट आवाज बहुतेक लोक फेकून देतात, कारण गेटवेत 'फक्त रिलेचंच ऐक' असं लिहून ठेवलेलं असतं. ती ओळ काढा. क्रमांक बघून दुबार निरोप गाळा, एवढंच काम.

लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांच्या २००४ च्या शोधनिबंधाचा निष्कर्ष इथे थेट कामाचा आहे. रिलेने नेहमीच डीकोड करून पुढे पाठवायचं असं ठरवून टाकलं तर डायव्हर्सिटीचा (एकाच निरोपाला अनेक स्वतंत्र वाटा असण्याचा) फायदा मिळत नाही, कारण पहिला टप्पा बुडाला की सगळंच बुडतं. रिलेने नीट डीकोड झालं तरच पाठवायचं, नाहीतर मूळ नोडने स्वतः पुन्हा पाठवायचं, किंवा थेट पोचल्याची पोच ऐकली तर रिलेने गप्प बसायचं, या दोन्ही रीतींत पूर्ण फायदा मिळतो.

रिलेच्या कोडमध्ये याचा अर्थ असा. निरोप आला की सीआरसी (वाटेत बिघडला का ते सांगणारा आकडा) तपासा, मग संदेशाची सही तपासा. चुकलं तर पुढे पाठवू नका, पण मोजणीत धरा. बरोबर असेल तर ४० मिलीसेकंद थांबून गेटवेच्या पोचेचा प्रीअँबल (निरोपाच्या सुरुवातीची खूण) येतोय का ते सीएडीने (हवेत लोराचा सिग्नल आहे का ही चिपची तपासणी) बघा. आला तर पोच पूर्ण ऐका आणि निरोप टाकून द्या. नाही आला तर ६० मिलीसेकंदांनंतर उलटी गणती सुरू: ज्या रिलेचे दोन्ही टप्पे चांगले त्याचा टायमर छोटा. दोन्हींपैकी कमजोर टप्प्याचा एसएनआर घ्या. पहिला टप्पा उत्तम आणि दुसरा मेलेला असा रिले पुढे आला की सगळं वाया. एसएफ९ ला एक सिम्बॉल ४.१ मिलीसेकंदांचा, म्हणून टायमरची पायरी ४० मिलीसेकंदांची ठेवा. त्याहून लहान ठेवली तर दुसऱ्याने सुरुवात केल्याचं सीएडीला कळायच्या आत तुम्हीही सुरू होता.

अंबड_बेंच:
आणि दोन रिलेंना एकमेकांचा आवाजच येत नसेल तर? टेकाडाच्या दोन बाजूंना असतील तर टायमर काय कामाचा? दोघंही एकदम बोलतील.

रिले_गणित:
बरोबर पकडलंत. मग दोघांना पुढे पाठवायला वेगळे चॅनेल द्या: एकाला ८६५.४०२५, दुसऱ्याला ८६५.९८५. त्यासाठी गेटवे आठ चॅनेलचा, एसएक्स१३०२ चिपवाला लागेल. (म्हणजे चॅनेल बदलण्याची तुमची सूचना आलीच कामाला, वेगळ्या कारणाने.)

खरं सांगायचं तर एवढ्याशा जाळ्यात आठ चॅनेलचा गेटवे आल्यावर टायमरचा खटाटोपही नको. १४ नोड, १० मिनिटांना एक निरोप, मूळ आणि दोन्ही रिलेंच्या प्रती मिळून ६०० सेकंदांत आठ सेकंदांच्या आत हवेचा वेळ जातो. दोघांनाही बिनधास्त पाठवू द्या. निवडक रिलेची चतुराई शंभर-दोनशे नोड झाल्यावर.

दुसऱ्या रिलेची जागा महत्त्वाची. त्याच बांधावर वीस मीटरवर लावलात तर पानांची सावली दोघांवर सारखीच पडेल आणि वरचा ०.१९ चा वर्ग खोटा ठरेल. नोडवरून पाहताना दोन रिलेंमध्ये निदान ६० अंशांचा कोन हवा. दोघांचा चार्जरही एकाच फीडरवर नको.

तयार वस्तू हवी असेल तर मेश्टॅस्टिकमध्ये (लोरावर जाळं उभारायचं तयार सॉफ्टवेअर) भारतासाठी ८६५-८६७ चा प्रदेश आहे. त्यात ज्याला निरोप कमी एसएनआरने ऐकू आला, तो आधी पुढे ढकलतो, म्हणजे लांबचा आधी. गप्पांना आणि ओलाव्याच्या आकड्यांना ठीक. मोटार त्यावर सोडू नका.

गंगापूर_कॅमेरा:
मध्येच विचारतो, धरणाच्या पाण्यावरून ५.८ गिगाहर्ट्झची कॅमेऱ्याची लिंक, ३ किमी, दोन्हीकडे १० मीटर. पावसाळा संपला की महिनाभर खराब, मग आपोआप बरी. हाही फेडिंगचाच प्रकार का?

सातपूर_आरएफ:
हो, पण जात वेगळी. पाण्यावरचं परावर्तन. ५.८ ला तरंगलांबी ५.२ सेंमी, तुमच्या आकड्यांत उंचीनुसार खड्डे सुमारे ७.८ मीटरला एक येतात. धरणाची पातळी बदलली की तुमची पाण्यापासूनची उंची बदलते आणि खड्डा अँटेनावरून सरकत जातो. दुसरा अँटेना चारेक मीटर वर किंवा खाली लावा, एक खड्ड्यात असेल तेव्हा दुसरा शिखरावर असेल. ८६६ ला हेच अंतर ५२ मीटर येतं, त्यामुळे मूळ प्रश्नात हा उपाय निरुपयोगी. तिथे नुसती उंची वाढवा, एका टोकाची उंची दुप्पट केली की ६ डीबी.

निफाडकर:
मोटारीबद्दल कोणीच बोललं नाही. ओलाव्याचा आकडा बुडाला तर दहा मिनिटांनी दुसरा येतो. 'मोटार बंद' बुडाला तर काय?

पहिलं, टॉगल प्रकारचा आदेश कधीही नको. दोन रिलेंतून तोच आदेश दोनदा पोचला की मोटार चालू होऊन बंद. आदेश असा हवा: 'पुढची १० मिनिटं चालू', सोबत क्रमांक. वस्तीवरून तो दर २ मिनिटांनी ताजा करायचा. १० मिनिटांत एकही पोचला नाही की कंट्रोलरने स्वतः बंद करायचं. पाच आदेश ओळीने बुडाले तरच मोटार अवेळी थांबेल. पहाटे शांत हवेत हे पाचही एकत्र बुडू शकतात, म्हणून प्रत्येक आदेश दोन्ही रिलेंतून. बंद करण्याचा आदेश पोच येईपर्यंत पाठवत राहा, आणि पोच म्हणजे कॉन्टॅक्टरच्या जोड संपर्कावरून आलेली खरी स्थिती. 'आदेश मिळाला' एवढ्याने भागत नाही, कारण थ्री-फेज गेलेली असेल तर आदेश मिळूनही मोटार उभीच असते. सिंगल-फेज प्रिव्हेंटर आणि ड्राय-रन तिथल्या तिथे, तारेने. ते रेडिओवर अवलंबून ठेवू नका.

दुसरं, नदीकाठची दरड. मोटारीपासून ५० मीटरवर काठाची कड असेल तर त्या ठिकाणी फ्रेनेल झोनची (नजरेच्या रेषेभोवतीची, लहर जिथून जाते ती जागा) त्रिज्या ४.१ मीटर, तिच्या ६० टक्के म्हणजे सुमारे २.५ मीटर मोकळं हवं. कड नजरेच्या रेषेला टेकली तरी ६ डीबी जातात, आणि वरच्या बाभळी वेगळ्या. मोटारीकडचा पाइप ४ मीटरचा असेल तर आधी तोच वाढवा, रिलेचा नंतर.

तिसरं, वीज. रिलेला सतत ऐकत राहावं लागतं. एसएक्स१२६२ ही लोराची चिप ऐकताना ५ मिलीअँपिअरच्या आसपास घेतो. एनआरएफ५२ प्रोसेसरच्या बोर्डावर एकूण १२ धरा, म्हणजे दिवसाला ३०० मिलीअँपिअर-तासांच्या आत, पाच ढगाळ दिवसांना दीड अँपिअर-तास. तेच ईएसपी३२ वर १०० मिलीअँपिअरच्या घरात जातं आणि दिवसाला २.४ अँपिअर-तास लागतात. डिसेंबरच्या धुक्यात पॅनेल अर्धं भरवशाचं, त्यामुळे पहाटेची थोडी गळती रिले झोपल्यानेही असू शकते. बॅटरीचा व्होल्टेज निरोपात टाका. निफाडचा पारा कडाक्याच्या थंडीत ५ अंशांखाली उतरतो आणि उघड्यावरचा डबा हवेपेक्षा गार होतो. लिथियम फेरो-फॉस्फेट शून्याखाली चार्ज करायचं नसतं, तेवढा कट-ऑफ असलेला चार्जर घ्या.

पावसाला दोष देऊ नका. ८६६ मेगाहर्ट्झला पावसाचा तोटा नगण्य. पावसात जातं ते ओल्या पानांनी आणि कनेक्टरात शिरलेल्या पाण्याने.

सातपूर_आरएफ:
अँप्लिफायरचं राहिलं. ८६५-८६७ विनापरवाना असलं तरी ट्रान्समीटर १ वॅट, प्रभावी विकिरण ४ वॅट आणि कॅरियर २०० किलोहर्ट्झ अशा मर्यादा आहेत, शिवाय उपकरणाला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाची फ्रिक्वेन्सी बघणारी शाखा) ईटीए, म्हणजे मंजुरी लागते. २२ डीबीएमचं मॉड्यूल आणि ५ डीबीआय अँटेना त्यात आरामात बसतात. आणि १ वॅटने फक्त तुमचं बोलणं मोठं होतं, १४ डीबीएमच्या नोडचं ऐकू येणं तेवढंच राहतं. गळती तर तिकडेच आहे. बाजारातला दुतर्फा 'बूस्टर' तर नकोच. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि दोन अँटेनांमध्ये पुरेसा आडोसा नसेल तर स्वतःच शिट्टी मारायला लागतो.

कादवाकाठ:
आभार मंडळी. क्रम असा धरतो: नोडचे पाइप, रिट्रायचं अंतर, मोटारीचा आदेश बदलणं, मग आठ चॅनेलचा गेटवे आणि दुसरा रिले. प्रत्येक पायरीने फरक पडला की नाही हे कसं मोजू? सरासरी तर खोटी ठरली.

रिले_गणित:
प्रत्येक निरोपात नोडचा क्रमांक असू द्या. रिलेने पुढे पाठवताना तीन बाइट जोडावेत: आपली ओळख, पहिल्या टप्प्याचा एसएनआर, प्रयत्न कितवा. चाचणीपुरते रिट्राय बंद करून दर ३० सेकंदांनी पाठवा, ५०० निरोपांना सव्वाचार तासांच्या आत वेळ लागतो. सगळ्या नोडना एकदम लावू नका, दोन-दोन घ्या. एकदा पहाटे ४ ते सव्वाआठ आणि एकदा दुपारी वाऱ्यात. मग एसएनआर चढत्या क्रमाने लावा, बुडालेले क्रमांक सगळ्यात खाली धरून, आणि खालून पाचवा आकडा बघा. तो −१२.५ च्या वर असेल तर त्या टप्प्याची गळती एक टक्क्याच्या आत. प्रत्येक टप्पा वेगळा मोजा, आणि पाइप बसवण्याआधीची एक चाचणी आत्ताच घेऊन ठेवा, कॅनोपी पूर्ण भरलेली आहे तोवर. खरड छाटणी झाली की एप्रिलमध्ये सगळंच चांगलं दिसेल.